विश्लेषण : फासे मोबाइलमध्ये गेले की खेळाचे काय होते?

पाथरीत काय किंवा पुण्यात काय, मोबाइलवर लुडो खेळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते : ‘मला सहा पडतच नाही, ॲपच गडबड करते.’ पटावर फासा चौघांसमोर पडतो. मोबाइलमध्ये तो एका गणिती सूत्रातून निघतो आणि ते सूत्र खेळाडूला दिसत नाही. टेबलावरचे कथाखेळ संगणकावर आणणाऱ्या मोठ्या कंपन्यांसमोरही हाच पेच आहे.

कथाखेळ म्हणजे काय?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा यातला सर्वात प्रसिद्ध खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचे एक पात्र असते आणि एक जण सूत्रधार होऊन गोष्ट पुढे नेतो. ‘मी झुंबराला लटकून पलीकडे उडी मारतो,’ असे खेळाडू म्हणाला, की सूत्रधार क्षणभर विचार करतो आणि सांगतो, ‘टाक फासा.’ हा फासा वीस बाजूंचा. पुस्तकात झुंबराचा नियम नसला तरी अडत नाही.

संगणकाला असे ऐनवेळी सुचत नाही. प्रत्येक शक्यता आधी कुणीतरी लिहून ठेवावी लागते. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि प्रचंड गाजला. पण पुस्तकात पात्र २० व्या पातळीपर्यंत वाढते, या गेममध्ये १२ व्या पातळीवर थांबते. कारण समजण्यासारखे आहे. वरच्या पातळीवर ‘विश’सारखे मंत्र मिळतात : तोंडाने इच्छा बोलायची आणि ती खरी होते. याचा कोड लिहिणार कसा?

पात्रांच्या पर्यायांचेही तेच. कागदावर नवा पर्याय म्हणजे पानभर नियम. गेममध्ये त्यासाठी चित्रे, हालचाली, आवाज आणि महिनोन्महिने चाचण्या. या गेममध्ये पात्रांचे १२ नवे उपप्रकार आले ते थेट एप्रिल २०२५ मध्ये. ‘सोलास्टा’ या फ्रेंच गेमला तर नियमांचा केवळ खुला भाग वापरता आला. त्यात प्रत्येक वर्गाचा एकच उपप्रकार होता, म्हणून बाकीचे त्यांनी स्वतःच रचले.

उलटा प्रवासही होतो. ‘पाथफाइंडर’ची ‘किंगमेकर’ ही मोहीम २०१० मध्ये पुस्तकांतून आली, २०१८ मध्ये तिचा व्हिडीओ गेम झाला आणि २०२२ च्या नव्या पुस्तकी आवृत्तीत गेममधली सोबती पात्रे सामील झाली.

आता फाशाकडे. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये ‘कार्मिक डाइस’ नावाची सोय आहे. सलग अपयश येऊ नये म्हणून ती फासे थोडे सावरून घेते. ती सुरुवातीपासून चालू असते, पण खेळाडूला बंद करता येते. फासे सावरलेले आहेत हे उघड सांगणे, हा प्रामाणिकपणा. शकुनीने तेवढेही केले नव्हते.

पैसा आला की प्रश्न गंभीर होतो. नवी मुंबईच्या कंपनीने २०१६ मध्ये आणलेला ‘लुडो किंग’ करमणुकीचा. पण पैसे लावून लुडो खेळवणारी ॲपही निघाली. लुडो कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंग कायदा मंजूर केला आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्य असो वा नशीब, बंदीची तरतूद केली.

‘बाल्डर्स गेट ३’ला साधारण १५० जीबी जागा आणि दमदार संगणक लागतो, त्यामुळे तो बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच. मात्र या मालिकेतल्या १९९८ च्या पहिल्या गेमची सुधारित आवृत्ती अँड्रॉइडवर मिळते. तिच्या सेटिंग्जमध्ये एक पर्याय आहे : तो चालू केला की हल्ल्याच्या प्रत्येक फाशाचा आकडा खालच्या पट्टीत लिहून येतो.