५५ विजय, ६० पराभव आणि माझी एक सही

गेल्या महिन्यात मेसच्या दारात एक कागद फिरत होता. विषय : बास्केटबॉलचे कोच बदलणेबाबत. झोनलला आपली टीम पहिल्याच फेरीत गारद झाली, तीही लागोपाठ दुसऱ्या वर्षी, म्हणून जिमखान्याला द्यायचं निवेदन. एका हातात चहा, डोक्यात सबमिशन, कोणीतरी पेन पुढे केलं आणि मी सही ठोकून मोकळा झालो. टीममधला असल्यामुळे माझी सही वरून तिसरी आहे.

हा लेख ती सही मागे घेण्यासाठी लिहितोय.

झालं असं, की पीएल लागली. पीएलमध्ये अभ्यास सोडून बाकी सगळं वाचायची आपल्या हॉस्टेलची थोर परंपरा! तिला जागून मी अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल कोचेसचा इतिहास वाचायला घेतला. म्हटलं, निवेदनाला जरा दारूगोळा मिळेल. जिंकणाऱ्या टीम कोच कसे पटापट बदलतात ते दाखवून देऊ. पण निघालं भलतंच.

कॅन्ससचा पहिला कोच कोण? डॉ. जेम्स नेस्मिथ. म्हणजे ज्याने हा खेळ शोधून काढला तोच. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफिल्ड गावात, थंडीमुळे आत अडकलेल्या १८ विद्यार्थ्यांना काहीतरी उद्योग हवा म्हणून त्याने पीचच्या दोन टोपल्या टांगल्या आणि १३ नियम लिहून काढले. १८९८ ला तो कॅन्ससला आला आणि १९०७ पर्यंत तिथली टीम सांभाळली. रेकॉर्ड काय? ५५ विजय, ६० पराभव! त्याच्यानंतर तिथे जे कोच आले, त्यांच्यापैकी एकाचाही हिशेब असा तोट्यात गेलेला नाही. खेळ ज्याने जन्माला घातला, तोच तेवढा नापास! आपल्या निवेदनाच्या न्यायाने पहिली विकेट नेस्मिथचीच पडायला हवी होती.

आता पुढची गंमत. नेस्मिथच्या हाताखाली फॉग अ‍ॅलन नावाचा एक पोरगा खेळायचा. त्याला दुसऱ्या कॉलेजातून कोच म्हणून बोलावणं आलं, तेव्हा नेस्मिथ त्याला म्हणाला म्हणे, की बास्केटबॉल शिकवायची गोष्टच नाही, ती खेळायची गोष्ट आहे. शिष्याने गुरूचं ऐकलं नाही, हे बरं झालं. १९०७ ते १९०९ आणि मग १९१९ ते १९५६, इतकी वर्षं अ‍ॅलन कॅन्ससचा कोच होता. ५९० सामने जिंकला, १९५२ चं राष्ट्रीय विजेतेपद आणलं. त्याच्याकडे खेळलेला अ‍ॅडॉल्फ रप पुढे केंटकीचा कोच झाला आणि ८७६ सामने जिंकला. दुसरा, डीन स्मिथ, नॉर्थ कॅरोलायनाचा कोच होऊन ८७९ जिंकला. डीन स्मिथचा सहायक रॉय विल्यम्स १९८८ ला पुन्हा कॅन्ससलाच कोच म्हणून आला. आपल्याकडे गाण्यात घराणी असतात ना, तसाच प्रकार! आणि या घराण्याचा मूळ पुरुष कोण, तर ५५-६० वाला.

पण मला खरा धक्का दिला तो जॉन मॅक्लेंडनने. हा कृष्णवर्णीय विद्यार्थी १९३३ ला कॅन्ससमध्ये दाखल झाला. त्या काळी तिथल्या विद्यापीठाच्या टीममध्ये काळ्या खेळाडूला प्रवेशच नव्हता. नेस्मिथ तोवर कोच राहिला नव्हता, नुसता प्राध्यापक होता. त्याने या मुलाला आपल्या पंखाखाली घेतलं. टीमच्या जर्सीत एकही सामना न खेळलेला हा मुलगा टेनेसीतल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचा कोच झाला आणि १९५७, ५८, ५९ अशी सलग तीन वर्षं त्याच्या टीमने एनएआयए ही छोट्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला दोनदा घेतलं, १९७९ ला आणि कोच म्हणून २०१६ ला. त्या हॉल ऑफ फेमला नाव आहे नेस्मिथचं. आता सांगा, हा मॅक्लेंडन ५५-६० मध्ये कुठे मोजायचा?

उलटं उदाहरणही त्याच विद्यापीठात आहे. लॅरी ब्राउन १९८३ ला आला, १९८८ ला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं आणि लगेच व्यावसायिक टीमकडे गेला. मागोमाग खेळाडू भरतीतल्या नियमभंगाबद्दल शिक्षा आली आणि १९८९ ला आदल्या वर्षीच्या विजेत्यांना स्पर्धेत उतरायलाच बंदी! कप कपाटात, पोरं घरी.

तरी एक कबूल करतो. कॅन्सस म्हणजे काही संतांचं गाव नाही. टेड ओवेन्सने १९ वर्षं टीम सांभाळली, पण शेवटचे दोन हंगाम तोट्यात गेल्यावर १९८३ ला त्यालाही काढलंच. मात्र त्याला १९ वर्षं मिळाली होती. १८९८ पासून २००३ पर्यंत, बिल सेल्फ आला तोवर, कॅन्ससने एकूण कोच केले आठ. एकशे पाच वर्षांत आठ! आमच्या सीनियर्सनी चार वर्षांत चार पाहिले. एक सर झोन डिफेन्स घोटून घ्यायचे, दुसरे येऊन म्हणायचे विसरा ते, मॅन टू मॅन खेळा. पोरं शिकणार कधी आणि जिंकणार कधी?

आता आपल्या सरांबद्दल. तासिका तत्त्वावर आहेत, म्हणजे पगार किती ते विचारू नका. रिंगची जाळी फाटली तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशातून आणली. सकाळी सहाला कोर्टवर हजर असतात. आणि आम्ही? बारातले पाच आले तरी मोठी गोष्ट. मी स्वतः आठवड्यातून दोनदा उगवायचो, ते पण सव्वासहाला, डोळे चोळत. आमच्याबरोबर वॉचमनकाकांचा मुलगा येतो, नववीतला. तो कॉलेजचा विद्यार्थी नाही, कुठल्याच टीमशीटवर त्याचं नाव येणार नाही. सर त्याचा लेअप आमच्याइतकाच वेळ देऊन सुधारतात. गेल्या महिन्यापर्यंत मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा.

रूममेटला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणजे हरलो तरी चालेल असं म्हणतोस?" अजिबात नाही! अ‍ॅलनने दाखवून दिलंच, की खेळ शिकवता येतो आणि शिकवल्यावर जिंकताही येतं. मला झोनल जिंकायचीच आहे. पण जिंकायला शिकवायचं तर वेळ लागतो आणि समोर शिकणारा लागतो. या दोन्ही गोष्टी आपण सरांना दिल्या नाहीत आणि निकालाचं बिल मात्र त्यांच्या नावावर फाडलं.

म्हणून जिमखाना समितीला जाहीर विनंती : सरांना किमान तीन वर्षं द्या. नंतर हिशेब मागा, जरूर मागा. पण त्यात कप किती आले याच्याबरोबर किती पोरं तयार झाली तेही विचारा. आणि निवेदनावर वरून तिसरी जी सही आहे, ती खोडावी.

सरांना हे सगळं तोंडावर सांगायची अजून हिंमत झालेली नाही. सोमवारी सहाला कोर्टवर जाणार आहे. बाकीच्या अकरा जणांनी हा लेख वाचला असेल, तर त्यांनीही यावं.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)