कर्जासोबतचा विमा आणि परतीची वाट

‘साहेब, मागितले पाच लाख, हातात आले पाच लाख, मग कर्ज पाच लाख वीस हजारांचं कसं?’ वैयक्तिक कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या कोणालाही हा प्रश्न नवा नाही. त्याचे उत्तरही ठरलेले असते : ‘वरचे वीस विम्याचे. तो काढावाच लागतो.’ यातले पहिले वाक्य खरे आहे, दुसरे खोटे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेने विकलेला विमा घेणे ग्राहकाच्या मर्जीवर आहे; कर्जमंजुरी त्याला बांधता येत नाही. टेबलामागच्या माणसाला हे माहीत नसते असे नाही. महिनाअखेरीचे टार्गेट त्याला जास्त जवळचे असते, इतकेच.

विकण्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. या संपादकीयाचा विषय त्यापुढचा आहे : गळ्यात पडलेला विमा ग्राहकाला रद्द करायचा असेल, तर शाखेत, पतपुरवठा कंपनीत किंवा कर्ज सल्लागाराकडे त्याला सरळ वाट मिळते का?

आधी पैशाचे गणित. वरच्या उदाहरणात कर्ज १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी आहे असे धरू. एकरकमी हप्त्याचे २०,००० रुपये कर्जातच मिळवले, की मासिक हप्ता सुमारे ४६५ रुपयांनी वाढतो. साठ महिन्यांत त्या विम्यासाठी ग्राहक जवळजवळ २७,९०० रुपये भरतो. म्हणजे विमा तर विकत घेतलाच, वर त्याच्यावर व्याजही दिले. ग्राहकाला हे कोणी मांडून दाखवले, तर निम्म्या सह्या जागीच थांबतील.

रद्द करण्याचा हक्क कागदावर पक्का आहे. विमा नियामकाच्या २०२४च्या नियमांप्रमाणे एक वर्ष किंवा त्याहून जास्त मुदतीच्या आयुर्विम्याला तीस दिवसांचा ‘फ्री लूक’ मिळतो. तेवढ्या मुदतीत ग्राहकाने नको म्हटले, तर जोखमीचे दिवस, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक यांचा खर्च वजा करून बाकी पैसे परत द्यावे लागतात. घोळ होतो तो पुढे. हे तीस दिवस पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून मोजायचे असतात, आणि कर्जासोबतचा विमा बहुधा सामूहिक असतो. मास्टर पॉलिसी बँकेच्या नावावर, ग्राहकाला फक्त प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र एखाद्या मेसेजमधल्या लिंकमध्ये किंवा कर्जाच्या फायलीत पडून राहते. मग ग्राहक विमा कंपनीला फोन करतो, ती म्हणते बँकेत जा. बँक म्हणते कंपनीला मेल करा. या टोलवाटोलवीत महिना कधीच सरतो.

रद्द झालेल्या विम्याचे पैसे बहुधा कर्जखात्यात जमा होतात. तिथेही एक गोष्ट विसरली जाते : हप्ता कमी होणार की मुदत, हे ग्राहकाला विचारले पाहिजे आणि नवे वेळापत्रक त्याच्या हातात दिले पाहिजे. ते न मिळाल्याने ‘पैसे गेले कुठे’ म्हणत ग्राहक पुन्हा दारात येतो.

मुदत टळल्यावरही सगळे संपत नाही. कर्ज मुदतीआधी फेडले, तर अनेक सामूहिक पॉलिसींत उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो किंवा संरक्षण तसेच चालू ठेवता येते. कर्ज बंद करताना बँक नाहरकत दाखला देते, धनादेश परत करते. विम्याचे मात्र कोणी नाव काढत नाही, आणि ग्राहक विसरला की ती रक्कम तशीच राहून जाते.

ब्रिटनच्या बँकांनी कर्जासोबत असाच विमा ग्राहकांच्या गळ्यात मारला आणि फार मोठी किंमत मोजली. तिथल्या ‘पीपीआय’ (पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स) या विम्यात आजारपण आणि बेकारीचेही संरक्षण असे. पण ज्यांना त्याचा लाभ मिळूच शकत नव्हता, अशा स्वयंरोजगारी लोकांनाही तो विकला गेला. या विम्याच्या तक्रारींबाबतचा खटला एप्रिल २०११मध्ये बँकांची संघटना उच्च न्यायालयात हरली. २०१४च्या प्लेव्हिन खटल्यात तर ग्राहकाने भरलेल्या हप्त्यातला ७१.८ टक्के भाग दलालीत गेल्याचे उघड झाले, आणि ती दलाली लपवणे अन्याय्य असल्याचे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तक्रारींसाठी २९ ऑगस्ट २०१९ ही अखेरची तारीख होती. सगळे मिळून सुमारे ३८ अब्ज पौंड परत करावे लागले.

आपल्याकडे वारे तिकडेच वाहू लागले आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबईतल्या बँकिंग परिषदेत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी चुकीच्या विमाविक्रीमुळे ग्राहकाचे कर्ज आडवाटेने महागते, असे बँकांना सुनावले. त्याआधी १ ऑक्टोबर २०२४पासून किरकोळ कर्जांना मुख्य तथ्य पत्रक सक्तीचे झाले होते. बँकेमार्फत वसूल होणारा विम्याचा खर्च त्यात वेगळा दाखवायचा आणि वार्षिक खर्चाच्या दरातही धरायचा. पत्रक ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत हवे. मराठी ग्राहकाला इंग्रजी पत्रक देऊन सही घेणाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

विमाच वाईट, असा याचा अर्थ नाही. एकट्याच्या कमाईवर चालणाऱ्या घरात कर्जदार गेला, तर हाच विमा वारसांना हप्त्यांतून सोडवतो. रद्द करायला आलेल्याला हे जरूर सांगावे, त्याच्याकडे दुसरा मुदत विमा आहे का तेही विचारावे. एवढे झाल्यावर तो ‘नको’ म्हणाला, तर अर्ज त्याच दिवशी घ्यावा आणि पोच द्यावी. ती न दिल्यास बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि कंपनीविरुद्ध विमा लोकपालाकडे जाण्याची वाट त्याला मोकळी आहेच.

शाखाप्रमुखांना एकच विनंती : कर्ज बंद करण्याच्या अर्जात ‘विमा चालू ठेवायचा की परतावा हवा’ असा एक रकाना या महिन्यातच छापून घ्या.