चोच पाहिली होती का?

आमच्या मेसमागच्या कडुनिंबावर ऑक्टोबरपासून एक पाहुणा मुक्कामाला असतो. चिमणीपेक्षा लहान, वर मातकट, खाली मळकट पांढरा. शेपटी सारखी झटक्याने वर उचलतो, आणि ती उघडली की बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे चमकतात. सकाळी दात घासताना 'टर्रर्र' ऐकू आले की समजायचे, साहेब जागे झाले. (पहिल्या लेक्चरला उशीर झालेल्यांनी वर बघत थांबू नये.) याला मी दोन वर्षे बिनदिक्कत 'लाल छातीचा माशीमार' म्हणत आलो. वहीत तशा सव्वीस नोंदी आहेत.

मागच्या डिसेंबरात मेहरूण तलावावर एका जुन्या पक्षीमित्राने ती वही चाळली आणि एवढेच विचारले, "चोच पाहिली होती का?" खरे सांगतो, सव्वीसपैकी तेवीस वेळा मी चोचीकडे बघितलेच नव्हते.

भानगड अशी की या पक्ष्याला एक जुळा भाऊ आहे, तैगा माशीमार. जुन्या पुस्तकांत हे दोघे एकाच जातीचे दोन प्रकार होते, आता दोन वेगळ्या जाती मानतात. लाल छातीचा पूर्व युरोपाकडून येतो, तैगा सैबेरियाच्या जंगलांतून. लाल छातीच्या प्रौढ नराचा तांबूस रंग गळ्यावरून छातीवर उतरतो आणि हिवाळ्यातही टिकतो. तैगा नराचा रंग गळ्यापुरताच, त्याखाली राखाडी छाती, आणि हिवाळ्यात तोही जातो. म्हणजे डिसेंबरात छातीपर्यंत लाल दिसला तर प्रश्नच मिटला. पण माद्या आणि पहिल्या हिवाळ्यातली पिल्ले दोन्हींकडे बिनलालच, आणि आपल्या वाट्याला बहुतेक वेळा तीच येतात!

मग बघायचे काय? आधी चोच. लाल छातीच्या चोचीचा खालचा भाग बुडाशी फिकट, पिवळसर-गुलाबी असतो. तैगाची जवळजवळ सगळी काळी. मग शेपटीच्या मुळावरची पिसे. तैगाची कुळकुळीत काळी, शेपटीहूनही काळी; दुसऱ्याची शेपटीइतकीच गडद किंवा जरा फिकी. आणि आवाज. लाल छातीचा 'टर्रर्र' संथ, त्यातले टोले जवळजवळ मोजता येतील असा. तैगाचा इतका वेगात की मोजायचा प्रश्नच नाही. दुर्बीण नसली तरी कान आहेतच की. मात्र पानांच्या सावलीत फिकट चोचसुद्धा काळी दिसते, म्हणून एका नजरेवर निकाल देऊ नये.

यावर रूममेटचे म्हणणे, "अरे, तैगा जातो पूर्वेकडे. आपल्याकडे बहुतेक लाल छातीचेच. मग एवढा कीस कशाला?" मुद्दा वरवर बिनतोड आहे. पण 'इकडे लाल छातीचाच येतो' म्हणून न बघता तेच लिहायचे, आणि तेच लिहिले म्हणून 'इकडे तोच येतो' म्हणायचे, ही गाडी गोल फिरते हो! चुकून एखादा तैगा जळगावच्या लांडोरखोरीत किंवा धुळ्याच्या लळिंग कुरणात उतरलाच, तर आपल्या वह्यांतून तो कधीच सापडणार नाही.

वहीतल्या खोट्या ओळीची किंमत खानदेशाने मोजलेली आहे. रानपिंगळा हा घुबडाच्या जातीचा पक्षी जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या सुमारास शहादा-तळोदा भागात गोळा केला होता. त्यातला एक नमुना कर्नल माइनर्ट्झहागेन याने लंडनच्या संग्रहालयातून चोरला आणि त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली: मांडवी, गुजरात, १९१४. पुढे शोधणारे त्या चिठ्ठीमागे चुकीच्या जागी भटकत राहिले. पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी ती चिठ्ठी बाद केली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्या धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षी शहाद्याजवळच सापडला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली. शंभराहून जास्त वर्षे त्याची खात्रीची नोंद नव्हती, आणि तो बसला होता इथेच! कर्नलसाहेबांनी ते जाणूनबुजून केले, आपण आळसाने करतो. मागून शोधत येणाऱ्याला दोन्ही सारखेच.

आता जर्नलबद्दल बोलतो, सरांनी रागावू नये. सबमिशनच्या आदल्या रात्री ग्राफ सरळ यावा म्हणून रीडिंग कसे 'येते' ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मीही केले आहे. रीडिंग चुकले तर मार्क जातात आणि जुळवले तर मिळतात, मग मुले दुसरे काय करणार? 'हे रीडिंग नीट आले नाही' असे लिहिणाऱ्याला एखादा मार्क जास्त द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पक्ष्यांच्या नोंदींत तर मार्कही नसतात, तरी आपण जुळवतोच.

त्या तेवीस नोंदी मी खोडल्या नाहीत, प्रत्येकीपुढे लाल पेनाने 'चोच पाहिली नाही' असे लिहिले. पान कसेसेच दिसते. परवा सकाळी तोच 'टर्रर्र' पुन्हा ऐकला, ब्रश तोंडात घेऊन दहा मिनिटे कडुनिंबाखाली उभा राहिलो. आवाज संथ वाटला. चोच मात्र दिसली नाही, पाखरू सतत पाठमोरे. सत्ताविसावी नोंद केली: 'दोघांपैकी एक, बहुधा लाल छातीचा. आवाजावरून.'