आरोग्याची वर्गणी खळ्यावर



गावच्या आरोग्यकामासाठी रक्तदाबाचे यंत्र, बाळाचा वजनकाटा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्यायचा म्हटले, की पहिला प्रश्न येतो : पैसा कोण देणार? कोणी आमदाराचे नाव घेतो, कोणी शहरातल्या दानशूराचे. आमचे म्हणणे, पैसा आपल्या खळ्यावरच उभा राहू शकतो.

वर्धा जिल्ह्यात हे घडले आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातील डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत ज्वारीची वर्गणी सुरू केली. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी. गावातली ७५ टक्के घरे आली तरच योजना लागू. बदल्यात अवचित दुखण्यावर दवाखान्यात मोफत इलाज. सुगीत घरात दाणे असतात, रोकड नसते, म्हणून ज्वारी.

साधने महागडीच लागतात असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. वजनकाटा, थर्मामीटर, गुदमरल्या बाळाला श्वास देण्याचे साधन आणि औषधे हाती दिली. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे छापले. साधन आणि शिकलेला हात, दोन्ही लागतात.

फवारणी पंप घेताना आपण वॉशर-नोझलचा खर्च धरतो. इथेही सेल संपतात, पट्टा फाटतो, काटा चुकतो. म्हणून वर्गणी दरसाल हवी आणि तिचा एक वाटा दुरुस्तीसाठी बाजूला हवा.

‘हे सरकारचे काम नाही का?’ आहेच. कर आपणही भरतो. उपकेंद्रात डॉक्टर आणि औषध मागणे सोडायचे नाही. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे गेली, हे विसरू नका. विषबाधेत श्वास कोंडतो. गडी किती बिघडला हे गावातच कळले, तर गाडी वेळेवर निघते.

तेव्हा या बैठकीतून परतल्यावर ज्वारीच्या कापणीआधी गावाची सभा घ्या. एकरी किती दाणे, कोणती साधने, ती कोण वापरणार आणि त्यांना कोण शिकवणार, हे ठरवा. खाते दोघांच्या सहीचे ठेवा. त्यातली एक सही बाईची असावी. हिशेब दर सुगीला चावडीवर वाचा. ज्या यंत्रात आपली पायलीभर ज्वारी आहे, ते बंद पडले तर जाब विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.