‘महल’: भुताच्या आडची माणसे

१/ बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ (१९४९, दिग्दर्शक कमाल अमरोही) आजही भयपट म्हणूनच आठवला जातो. माझ्या मते ही ओळख अपुरी आहे. (पुढे रहस्यभेद आहे.)

२/ ओसाड महाल, नायकाशी हुबेहूब जुळणारे जुने तैलचित्र, रात्री गाणारी कामिनी. जोसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाने छायाप्रकाशातून हे गूढ उभे केले. पुढे पत्नीच्या हत्येच्या आरोपावरून नायकावर खटला चालतो आणि भर न्यायालयात उलगडते, की कामिनी भूत नव्हेच. ती माळ्याची मुलगी आशा.

३/ माळ्याच्या मुलीकडे महालाच्या मालकाने वळूनही पाहिले नसते. मृत प्रेयसीसाठी मात्र तो संसारावर पाणी सोडायला निघतो. दिसण्यासाठी आशाला स्वतःचे नावच पुसावे लागते. चित्रपटातील खरे भय हे आहे.

४/ पडद्यामागेही तेच घडले. खेमचंद प्रकाश यांच्या संगीतातील ‘आएगा आनेवाला’ गायले लता मंगेशकर यांनी. ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव छापले गेले ‘कामिनी’. आवाज घरोघरी पोहोचला, तेव्हा श्रोत्यांना आकाशवाणीकडे विचारावे लागले, की ही गाणारी कोण?

५/ म्हणूनच जुन्या चित्रपटाच्या अभ्यासकाने कथेइतकीच श्रेयनामावली आणि ध्वनिमुद्रिकेवरची अक्षरेही वाचावीत. तीही इतिहासाची साधने आहेत; त्यांत कोणाचे नाव गाळले गेले, हे पाहिल्याशिवाय त्यांचे वाचन पुरे होत नाही.