काका आणि कावळा

गेल्या महिन्यात आमचा काका गेला. त्याला 'अहो काका' असं कुणी कधी म्हटलंच नाही. सोसायटीतली शेंबडी पोरंसुद्धा 'ए काका' म्हणूनच हाक मारायची. दहाव्याला आम्ही सगळे ओंकारेश्वराच्या घाटावर जमलो. पिंड ठेवला, अर्धा तास झाला. समोरच्या झाडावर चार कावळे निवांत बसलेले आणि एकही खाली उतरायला तयार नाही.

माझा या प्रकारावर काडीचा विश्वास नाही. (दिवसभर लॉग वाचून पोट भरणाऱ्या माणसाला 'कावळा शिवला म्हणजे निरोप पोचला' हे पटणं जरा अवघडच.) तरी त्या दिवशी हसू दाबावं लागत होतं. कारण काकाच आम्हाला लहानपणी सांगायचा, "मी कावळ्यांना आधीच सांगून ठेवणार आहे. तासभर कुणी खाली उतरायचं नाही! बघू तरी तुम्ही काय काय कबूल करता!" 'काकस्पर्श' या शब्दावरचा त्याचा विनोद तर घरातल्या प्रत्येक दहाव्याला ठरलेला असायचा.

मग रीतीप्रमाणे कबूल करणं सुरू झालं. बाबा हात जोडून म्हणाले, "गावच्या जमिनीचं मी बघतो." आत्या म्हणाली, "वहिनीला एकटं पडू देणार नाही." कुणी म्हणालं, गणपती तुझ्याच घरी बसेल. कावळे ढिम्म.

ऐकता ऐकता मला एकदम जाणवलं, की या सगळ्या बोलणाऱ्यांच्या काळज्या होत्या. काकाला जमिनीशी कधी देणंघेणं नव्हतं. मग त्याला हवं होतं तरी काय? पंचवीस माणसं उभी होती घाटावर, एकालाही सांगता येईना. मलाही नाही.

त्याचे किस्से विचारा, रात्रभर सांगतो. २४ सप्टेंबर २००७, ट्वेंटी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल. जोगिंदर शर्माच्या शेवटच्या ओव्हरमध्ये मिसबाहने सिक्स मारल्यावर काका "माझ्या बघण्यानेच हरतोय आपण" म्हणून बाथरूममध्ये जाऊन बसला. पुढच्याच बॉलला श्रीशांतने कॅच घेतला, आपण जिंकलो, आणि हा बाहेर येऊन म्हणतो, "मॅन ऑफ द मॅच कुणाला? मला!" दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. अलका टॉकीजच्या चौकात पहाटेपर्यंत नाचला. वय किती, तर पन्नाशी पार.

पण किस्से माहीत असणं वेगळं आणि माणूस माहीत असणं वेगळं. माझं स्पष्ट मत आहे की हसवणाऱ्या माणसावर आपण फार अन्याय करतो. किरकिऱ्या काकांना आपण आठवणीने विचारतो, बीपी काय म्हणतंय, झोप लागते का. याला काय विचारायचो? "काका, काहीतरी सांग ना!" तो सांगायचा. आपण हसायचो, जेवायचो, घरी जायचो. माणूस हसतोय म्हणजे त्याचं बरं चाललंय, हे आपण परस्पर ठरवून टाकतो, कारण ते आपल्या सोयीचं असतं.

आणि त्याने मागितलं नव्हतं असंही नाही. मेंढीकोट म्हणजे त्याचा जीव. चारही दश्श्या आपल्या जोडीकडे ओढल्या की कोट, आणि कोट चढवल्यावर तो उठून घरभर लेझीम खेळायचा. पण मेंढीकोटला चार जण लागतात. दोन मित्र होते, एक गेला, एक मुलाकडे बंगलोरला. मागच्या वर्षभरात त्याने मला तीन-चारदा फोन केला असेल. "अरे, एक भिडू कमी पडतोय रे." मी दर वेळी "या रविवारी नाही जमणार काका, रिलीज आहे" म्हणायचो. तो म्हणायचा, "बरं बरं, कंपनी बुडवू नकोस," आणि मी हसून फोन ठेवायचो. एक भिडू कमी पडतोय. याहून सरळ कसं सांगणार माणूस?

मी पुढे झालो आणि मनातल्या मनात म्हणालो, येतो रे रविवारी. कावळे तसेच. शेवटी गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं आणि दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला.

काकू हट्टाने घाटावर आली होती. इतका वेळ ती गप्प होती. ती म्हणाली, "कशाला ताटकळलात सगळे? हा आयुष्यात कुठे वेळेवर आला होता का?"

दहा दिवसांत पहिल्यांदाच आम्ही हसलो. मोठ्याने. शेजारी दुसऱ्या कुणाचे विधी चालले होते, त्यांनी वळून बघितलं.

पत्त्यांचा कॅट काकूकडे आहे. त्यातली चौकटची दश्शी कधीतरी हरवलेली, म्हणून काकाने एका जोकरवर बॉलपेनने १० लिहून ठेवलंय. काकूला मेंढीकोट येत नाही. शिकवतोय. हुकूम कोणता, हे ती अजून विसरते.