विनंती-अर्जाकडून उमेदवारी-अर्जाकडे

अर्ज दोन प्रकारचे असतात. एक विनंतीचा, दुसरा उमेदवारीचा. पहिला घेऊन माणूस साहेबांच्या दाराशी ताटकळतो. दुसरा भरला, की साहेबच आपल्या दाराशी येण्याचा संभव उत्पन्न होतो! अंध-अपंगांनी (सरकारी भाषेत आता दिव्यांगांनी) जगभर बहुधा पहिलाच अर्ज केला. दुसरा भरण्याचे धाडस ज्यांनी केले, त्यांची हकिगत ऐकण्याजोगी आहे.

कोस्टारिका हा मध्य अमेरिकेतला चिमुकला देश. वस्ती सुमारे पन्नास लाख, म्हणजे आपल्या मुंबईच्या निम्मीदेखील नाही. १९४८ साली या देशाने आपले सैन्यच मोडीत काढले, एवढा तो शांतताप्रिय. १९९६ मध्ये तेथे अपंगांना समान संधी देणारा ७६०० क्रमांकाचा कायदा झाला. योगायोग असा, की आपल्याकडचा अपंगांविषयीचा पहिला मोठा कायदाही त्याच वर्षी अमलात आला. पण कायदा निराळा आणि बसची पायरी निराळी! चाकांच्या खुर्चीसह चढता येईल अशा बसगाड्यांसाठी तेथे मुदत ठरली, आणि मुदतींना जे होते तेच तिचे झाले. ती वाढत गेली.

तेव्हा ऑस्कर लोपेझ नावाच्या अंध कार्यकर्त्याने व त्याच्या सोबत्यांनी, या शतकाच्या आरंभी, सरळ राजकीय पक्षच काढला. नाव साधेच : कोणालाही न वगळणारी सुगम्यता. पक्ष कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर तेथल्या निवडणुकीच्या रीतीत आहे. त्या देशात अपक्ष म्हणून निवडणूक लढवताच येत नाही. मत पडते ते पक्षाच्या यादीला, आणि प्रांतात मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागांची वाटणी होते. त्यामुळे प्रांतभर विखुरलेली थोडी थोडी मतेही वाया न जाता एका ठिकाणी साठतात. २००६ साली लोपेझ निवडून आला आणि सत्तावन्न आसनांच्या विधिमंडळात काठी टेकीत जाऊन बसला.

पुढे गंमत झाली. आमदाराला तेथे लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नाही. म्हणजे २०१० मध्ये लोपेझ विधिमंडळाबाहेर. पण पक्षाचे मात्र एकाचे चार झाले! सत्ताधाऱ्यांकडे चोवीस, बहुमताला हवेत एकोणतीस. अशा वेळी चार माणसांचे वजन काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. २०११ मध्ये या चौघांनी विरोधकांना साथ दिली, २०१२ मध्ये सत्ताधाऱ्यांना. आणि त्यांच्यातलाच एक, व्हिक्टर एमिलिओ ग्रानादोस, विधिमंडळाचा अध्यक्ष झाला. कालपर्यंत ज्यांचे अर्ज फायलीत पडून राहत, त्यांचा माणूस सभागृह चालवू लागला!

परंतु तराजूचा काटा होण्यातही एक धोका असतो. काटा कधी इकडे झुकतो, कधी तिकडे. मग पाहणाऱ्यांना प्रश्न पडतो, की याचे स्वतःचे वजन ते कोणते? २०१४ मध्ये चाराची एक जागा उरली (लोपेझ परत आला), आणि २०१८ मध्ये तीही गेली.

मग हा सारा खटाटोप वाया गेला काय? मला तसे वाटत नाही. २०१६ मध्ये, लोपेझ सभागृहात असतानाच, तेथे एक महत्त्वाचा कायदा झाला. अपंग व्यक्तीला अज्ञान ठरवून तिचे सारे निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची जुनी रीत त्याने मोडली. निर्णय तिचाच, इतरांनी आधार तेवढा द्यावा, असे ठरवले. पक्षाची जागा गेली, कायदा राहिला.

आपल्याकडे हे जमेल का? १९५३ च्या पोटनिवडणुकीत कलकत्त्याहून साधन गुप्ता हे अंध गृहस्थ लोकसभेवर निवडून आले. परंतु ते कम्युनिस्ट पक्षाचे म्हणून. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. म्हणजे पाच कोस्टारिका! तरी ते गावोगाव, घरोघर विखुरलेले, आणि ज्याला सर्वाधिक मते तोच निवडून यायचा, ही आपली रीत. अशा रीतीत विखुरलेल्यांचा पक्ष उभा राहणे कठीण. तमिळनाडूने २०२५ मध्ये दुसरी वाट धरली : स्थानिक संस्थांत अपंग सदस्य नेमण्याची विधेयके विधानसभेने संमत केली. पाऊल स्तुत्य खरे. पण नेमलेल्याला नेमणाऱ्याची आठवण ठेवावी लागते, निवडून आलेल्याला मतदाराची. हा फरक लहान नव्हे.

आणि हा प्रश्न ‘त्यांचा’ आहे, असे म्हणून आपल्यालाही सुटता येणार नाही. आजोबांचे गुडघे, आजीची दृष्टी कोणत्या घरात सुटली आहे? तेव्हा पुढल्या खेपेस उमेदवार हात जोडून दाराशी आला, की त्याला एवढेच विचारावे : “साहेब, आपल्या कचेरीला पायऱ्या किती?”